दहा-बारा घरांचं एक मत

जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेनच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची ज्याची पाळी असेल, त्याच्या दारावर आठवडाभर एक लाकडी पाटी लटकते. इकडची ही जुनी पद्धत. नाव केरवॉखे. नावातच केर आहे, असं सोनटक्के काका म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांच्या आठवड्यात जिना असा लख्ख निघायचा की वरच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंनाही बोलायला जागा उरायची नाही, आणि त्या बाईंना बोलल्याशिवाय चैन पडत नसे. आता तिसऱ्या मजल्यावरची ती पाटी एका नव्या जोडप्याच्या दारावर असते. ते बिचारे वरवर झाडू फिरवतात. मी चढताना कोपऱ्यातली धूळ बघते आणि मला काकांचाच राग येतो. का येतो ते सांगायचं तर निवडणुकीपासून सुरुवात करावी लागेल.

काका मूळचे सोलापूरचे. उंच, जरासे वाकलेले, इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, भर उन्हाळ्यातसुद्धा. नोकरीसाठी इकडे आले ते आम्ही यायच्या कितीतरी आधी. गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काहीतरी करायचे, मग रिटायर झाले. वडील शाळामास्तर. दर निवडणुकीला त्यांना ड्यूटी लागायची, आणि मतपेटी जमा केल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत, हे काका आम्हाला इतक्यांदा सांगत की पुढचं वाक्य आम्हीच पूर्ण करायचो. काकू मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

काकांनी फार पूर्वीच जर्मन पासपोर्ट घेतला होता. "कर इथे भरायचा आणि बोलायची वेळ आली की आपण पाहुणे? ते मला जमणार नाही," असं त्यांचं म्हणणं. काकूंनी घेतला नाही. "एकाने तरी तिकडचं राहायला हवं ना," एवढंच त्या म्हणाल्या, आणि हा विषय त्या घरात परत निघाला नाही. त्यामुळे आमच्या ओळखीतल्या दहा-बारा मराठी घरांत मतदानाचा हक्क असलेला माणूस एकच, सोनटक्के काका. बाकी आम्ही सगळे भारतीय पासपोर्टवाले, कर भरणारे आणि गप्प बसणारे.

या एका मताचं काकांनी काय केलं असेल? ते त्यांनी सगळ्यांत वाटून टाकलं.

आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच वर्षी राज्याची निवडणूक होती. आमदार निवडायचे, मग आमदार राज्याचा मुख्यमंत्री निवडणार, म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. एका शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा. आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला, आणि एकदम गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हं, बोला. सरकारकडून तुम्हाला काय हवंय?"

निखिल, म्हणजे माझा नवरा, तेव्हा गेर्लिंगेनच्या ऑफिसात नवा होता आणि त्याला सगळ्याचाच वैताग होता. तो म्हणाला, "काका, ही एस-बान लोकल रोज उशिरा येते. त्याचं काहीतरी करा."

"एस-बानला खिडकी नाही," काका म्हणाले. "पुढचं."

"आईबाबांचा व्हिसा लवकर मिळत नाही."

"खिडकी चुकली. ती बर्लिनची."

"सईला किटामध्ये, बालवाडीत, जागा मिळाली नव्हती, शाळा सुरू होईपर्यंत घरीच होती पोर," मी म्हणाले.

"खिडकी चुकली. ती राटहाउसची, इथल्या नगरपालिकेची. मी श्टुटगार्टच्या खिडकीत उभा आहे. शाळा, पोलीस, रविवारी दुकानं बंद, असलं काही असेल तर बोला."

काकांच्या जगात सरकारला तीन खिडक्या होत्या. एक गावची, एक राज्याची म्हणजे श्टुटगार्टची, एक देशाची म्हणजे बर्लिनची. माणसाची निम्मी भांडणं चुकीच्या खिडकीपुढे उभं राहिल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. "आधी खिडकी ठरवा, मग भांडा," हे ते बायकोशी, बँकेशी आणि दूध देणाऱ्या यंत्राशीही बोलायचे. निखिलने चिडून सांगितलं की मग हे केरवॉखे तरी बंद करायला लावा. त्यावर काका इतके हसले की कपातला चहा बशीत आला. "त्याला हात लावला तर गेनाऊ, अगदी दुसऱ्याच दिवशी सरकार पडेल," ते म्हणाले.

उठता उठता त्यांनी आमच्या सईलाही विचारलं. सई तेव्हा सहा वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. ती म्हणाली, "सोमवारी शाळा नको."

काका परत खाली बसले. "बघा," आम्हाला म्हणाले, "सगळ्या घरांत हिची एकटीची खिडकी बरोबर आहे."

आणि हे ते विसरले नाहीत. पुढच्या शनिवारी मी बाजारचौकात भाजी घेत होते, तिथे सगळ्या पक्षांच्या प्रचाराच्या छत्र्या उभ्या होत्या. पेन वाटत होते, फुगे वाटत होते. एका छत्रीखाली काका एका तरुण उमेदवाराला घेऊन उभे. आमच्या सगळ्यांच्या तक्रारी त्यांना पाठ होत्या, कागद नाही, काही नाही. शाळेतली मास्तरांची टंचाई झाली, रविवारची दुकानं झाली, आणि मग त्यांनी त्या उमेदवाराला सोमवारच्या सुट्टीबद्दल पक्षाची नेमकी भूमिका विचारली. तो आधी हसला. काका हसत नाहीत हे बघून थांबला, आणि त्याने सावधपणे विचारलं की आपण कोणत्या संघटनेतर्फे आला आहात.

"संघटना नाही," काका म्हणाले. "माझ्यामागे दहा-बारा घरं आहेत."

उमेदवाराचा चेहरा उजळला. त्याने काकांचा हात हातात घेतला. म्हणजे साधारण किती मतं धरायची, असं त्याने विचारलं.

"एक," काका म्हणाले.

हा किस्सा मी त्यानंतर किती जणांना सांगितला असेल! हसू यायचंच. पण त्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन घरी येताना मला बरं वाटत होतं, हेही खरं. या देशात येऊन आम्हाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं की तुम्हाला काय हवंय.

मतदान रविवारी असतं. काकांचं केंद्र कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेत. सकाळी आठला दार उघडायचं त्याआधीच काका काकूंना घेऊन तिथे हजर. काकूंना आत जायला कोणी अडवलं नसतं, पण त्या जायच्या नाहीत. शाळेच्या फाटकासमोर एक बाक आहे, तिथे थर्मास मांडीवर घेऊन बसायच्या. काका बाहेर आले की दोघं तिथेच चहा प्यायची आणि घरी जायची. घर पाच मिनिटांवर असताना बाकावर कसला चहा, असं मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "अगं, मत देऊन माणूस दमतो."

संध्याकाळी सहाला मतदान संपतं आणि त्याच क्षणी टीव्हीवर निकालाचा पहिला अंदाज येतो. पक्षापक्षांचे रंगीत खांब वर चढायला लागतात. ते बघायला सगळी घरं काकांकडे. तळघरातून घडीच्या खुर्च्या वर यायच्या, काकू दडपे पोहे करायच्या, पोरं पलंगावर उड्या मारायची. खांब चढताना काका हाताच्या इशाऱ्याने सगळ्यांना गप्प करायचे, आणि खांब थांबले की एकच गलका व्हायचा. कोणीतरी हमखास विचारायचं, "काका, सांगा की, मत दिलं कुणाला?"

"गुप्त मतदान," काका म्हणायचे.

"मलाही सांगत नाहीत हो," काकू आतून ओरडायच्या. "लग्नाला एवढी वर्षं झाली, बाकी काही म्हणून पोटात राहत नाही यांच्या."

त्यांची एकुलती एक मुलगी इरा, आखनच्या विद्यापीठात काम करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. काकू अचानक गेल्या तेव्हा ती आली, पंधरा दिवस राहिली, आणि पापा, आता माझ्याकडे चला म्हणून मागे लागली. काका म्हणाले, आखन दुसऱ्या राज्यात येतं, तिथला मुख्यमंत्री वेगळा, मला त्याची काही माहिती नाही. इरा माझ्याकडे येऊन रडली. हे काय कारण झालं, असं जर्मनमध्ये म्हणत होती. मला वाटलं होतं तिला सांगावं की कारण ते नाहीच, कारण शाळेसमोरचा बाक आहे. पण मी गप्प बसले, कारण बापाचं मन मुलीला शेजारणीने समजावणं मला बरं वाटेना.

पुढची निवडणूक आली ती कोरोनात. घरोघरी जायची सोय नव्हती, तर काकांनी फोन करून एकेकाच्या मागण्या विचारल्या. मतदानाच्या संध्याकाळी सगळ्यांनी लॅपटॉपवर जमायचं ठरलं. बरोबर सहाला चौकटी चौकटींत सगळे दिसायला लागले. काकांनी स्वेटर घातला होता, आणि त्यांच्या मागे, आमच्या लक्षात आलं, घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. खांब चढले. कोणाचं पोर रडायला लागलं, कोणाचा कुकर झाला, एकेक चौकट काळी होत गेली. शेवटी मी आणि काका उरलो. त्यांना पडद्यावर नीट दिसत नसावं. "कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"मी आहे काका, मेधा."

"हं. तूही जा आता, पोळ्या करायच्या असतील," ते म्हणाले, आणि त्यांना कॉल बंद कसा करायचा ते येत नव्हतं म्हणून मीच बंद केला. उठून रिकाम्या खुर्च्या घडी करायला लागलेले काका मला बटण दाबेपर्यंत दिसत होते. एकच मजला खाली राहून मी त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हते, याचं मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

त्यानंतर आमचं सगळ्यांचं बरं झालं. म्हणजे पासपोर्ट मिळाले. कायदा सोपा झाला, तसे एकामागून एक सगळे जर्मन झाले, आम्हीही झालो. कोणी जिंडेलफिंगेनला घर घेतलं, कोणी आणखी पुढे गावात गेलं. ज्याचं त्याला मत मिळालं, ज्याची त्याला मतं झाली, आणि यंदाची निवडणूक आली तेव्हा आमच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी भांडणं पेटली की दोघं ग्रुप सोडून गेले. आपल्याला काय हवंय हे काकांना सांगायची गरज कोणालाच उरली नव्हती. काका मात्र नेहमीप्रमाणे निघाले. पहिल्या घरी त्यांना सांगितलं, "काका, आम्ही मत पोस्टाने कधीच देऊन टाकलं." दुसऱ्या घरी नवरा-बायको कामाच्या कॉलवर होती, त्यांनी काकांना दारातूनच हात केला. तिसऱ्या घरी ते गेलेच नाहीत.

हे मला त्यांनीच सांगितलं, जिन्यात, झाडू हातात धरून. वर म्हणाले, "आणि गंमत बघ. यंदा नियम बदलला, प्रत्येकाला दोन मतं. इतकी वर्षं एकात सगळ्यांना बसवलं, आता जागा झाली तर माणसं नाहीत."

नियम आणखी एक बदलला होता. सोळा वर्षांच्या मुलांनाही मत मिळालं होतं, आणि आमची सई सोळाची झाली होती. आठवडाभर ती उमेदवारांची भाषणं ऐकत बसली होती. शुक्रवारी म्हणाली, वर काकांकडे जाऊन येऊ या. मला वाटलं काही शंका असेल. तर ही वर गेली, खुर्चीच्या कडेला बसली, अगदी त्यांच्यासारखी, आणि विचारलं, "उंड झी, काका? आणि तुम्हाला काय हवंय?"

काकांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी उलटून विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

"माझी खिडकी चुकेल गं बाळा," ते म्हणाले.

"माख्ट निक्स," सई म्हणाली. चुकू दे.

मग त्यांनी सांगितलं. इरा रोज फोन करत होती. परवा ती म्हणाली, पापा, तिथे तुमचं कोण आहे? ते म्हणाले, दहा-बारा घरं आहेत. ती म्हणाली, आल्झो, मग ठीक आहे, रविवारी सहा वाजता मी फोन करते. घर भरलेलं असलं तर परत तुम्हाला कधी या म्हणणार नाही. नसलं तर सामान बांधायचं. "तिचंही बरोबर आहे," काका म्हणाले. "पण मला इथून जायचं नाही. म्हणून रविवारी सहाला सगळ्यांनी यावं. बस, हेच हवंय. आता हे कोणत्या सरकारला सांगू?"

मी खाली आले आणि ग्रुपवर लिहिलं. एकेकाला फोनही केले. सगळे म्हणाले, नक्की, नक्की, काकांसाठी येणारच. अंगठ्यांची रांग लागली. मला खात्री वाटली.

रविवारी सकाळी सईने आयुष्यातलं पहिलं मत दिलं. मी आणि निखिलनेही दिलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा काका आत जात होते, एकटे, स्वेटरच्या खाली पांढरा शर्ट. काखेत थर्मास होता.

पावणेसहाला आम्ही तिघं वर गेलो. खुर्च्या मांडल्या होत्या. दडपे पोहे त्यांनी स्वतः केले होते, कांदा जाड, खोबरं भरपूर, परातभर. सहाला खांब चढले. काकांनी सवयीने हात वर केला, पण गप्प करायला कोणी बोलतच नव्हतं. एकाचा मेसेज आला की मुलाची मॅच लांबली. एकाचा आला की पाहुणे आले. बाकीच्यांचा तोही नाही. निखिल म्हणाला, अजून येतील. काका म्हणाले, "हो, येतील," आणि दाराकडे न बघता टीव्हीकडे बघत राहिले.

फोन वाजला. इरा. काकांनी स्पीकर लावला. "पापा, वेअर इस्ट दा?" कोण कोण आलंय?

काकांनी आमच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "सगळे आहेत," ते म्हणाले.

त्यांनी फोन आमच्या दिशेने धरला. आधी निखिलला कळलं. तो मोठ्याने हसला, त्याचं ते जुनं हसणं, आणि ओरडला, "काका, सांगा की, मत कुणाला दिलं?" मी डिश आपटल्या, स्वयंपाकघरात जाऊन तिथून काहीतरी बोलले, परत येऊन वेगळ्या आवाजात बोलले. आणि आमची सई, जी घरात वर्षानुवर्षं जर्मनशिवाय तोंड उघडत नाही, ती खुर्चीवर उभी राहून खणखणीत मराठीत ओरडली, "काका, मला अजून पोहे! इकडे पण! अहो, इकडे कोणी दिलेच नाहीत!"

काका फोन धरून उभे होते. "गुप्त मतदान," ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही.

"शोएन, पापा," इरा म्हणाली. छान. मग जरा थांबून तिने फोन ठेवला. आम्ही हसत होतो, निखिलने काकांना मिठी मारली, आम्ही जिंकलो असं मला वाटलं. परातीतले पोहे आम्ही डबे भरून खाली आणले, तरी उरले.

बुधवारी काका दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. "मेधा, ते बोगस मतदान झालं," ते म्हणाले. "जे आले नाहीत त्यांच्या नावाने तुम्ही तिघांनी मतं टाकली. आणि मी टाकू दिली. माझे वडील असते तर..." पुढचं वाक्य आम्हाला पाठ होतं, पण त्यांनी ते पूर्ण केलं नाही. "मी इराला फोन करून सगळं सांगितलं. निकाल रद्द."

"काका, तिला खरंच वाटलं होतं," मी म्हणाले.

"तिला तीनच आवाज ऐकू आले होते. बोलली नाही ती, पोर शहाणी आहे," ते म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की मी भांडलेच. आम्ही तिघं कोणीच नाही का, असं विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही आहात म्हणून तर खोटं बोलावंसं वाटलं," असं म्हणाले आणि वर गेले.

ते आखनला गेले त्या दिवशी इराने गाडी आणली होती. सामान फार नव्हतं. खुर्च्या त्यांनी तळघरातच ठेवल्या, कोणाला लागल्या तर म्हणून. जिना त्यांनी आदल्या दिवशी झाडून घेतला होता, पाळी नसताना. निघायची वेळ झाली तर काका कुठे दिसेनात. इरा घाबरली. मी म्हणाले, मला माहीत आहे, आणि शाळेकडे गेले.

ते बाकावर बसले होते, काकू बसायच्या त्या बाजूला. शाळेला सुट्टी होती, आवारात कोणी नव्हतं. मी शेजारी बसले.

"मी नेहमी आत जायचो ना," काका म्हणाले. "ही इथे बसून इतका वेळ काय बघत असेल, ते मला कधी कळलं नाही. मला वाटायचं रस्ता दिसत असेल, झाडं दिसत असतील." त्यांनी समोर बोट केलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण आहे. "इथून काहीच दिसत नाही गं. फक्त ते दार दिसतं."

मागून इराने हाक मारली. मराठीत मारली, "बाबा, चला." काका उठले, पण त्या दाराकडे बघत आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिले.